आधी अल्बम पुरा करू की आधी दौऱ्यावर जाऊ? दोन वर्षं अडकलोय

तिसरी_खुंटी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गाणी मी लिहितो, गातो, गिटार वाजवतो. बासवर एक मित्र, ड्रम्सवर एक मैत्रीण. लेबल नाही, मॅनेजर नाही, जे काही चाललंय ते पदरमोड करून. अकरा गाण्यांचा अल्बम आहे जो गेली दोन वर्षं "जवळजवळ झालाय". सगळं घरच्या खोलीत रेकॉर्ड केलंय. दर महिन्याला मिक्स उघडतो, काहीतरी खटकतं, परत गातो, परत खटकतं. एका गाण्याच्या व्होकलचे एक्केचाळीस टेक झालेत आणि खरं सांगू का, गाणं सुचलं त्या रात्री फोनवर जे कच्चं रेकॉर्ड केलं होतं तेच अजून सगळ्यात भारी वाटतं, त्यात मागे पंख्याची घरघर आहे तरी.

आता झालंय असं की आमच्यापेक्षा जरा मोठ्या एका बँडने विचारलंय, नऊ दिवस, सहा शो, आमच्या आधी अर्धा तास वाजवता का. मानधन येण्याजाण्यात संपेल. जवळ जी शिल्लक आहे त्यात एकतर चांगल्या स्टुडिओत चारपाच दिवस होतील किंवा हा दौरा, दोन्ही नाही. काय करू? आणि कमी सामानात केलेले तुमचे आवडते अल्बम पण सांगा, रात्री ऐकायला. जरा धीर येईल.

उंटावरचा_शहाणा

दौरा. डोळे झाकून दौरा.

तुझा प्रॉब्लेम मिक्स नाहीये रे, ही गाणी अनोळखी माणसांपुढे कधी वाजलीच नाहीत हा आहे. खोलीत बसून गाणं बरोबर आहे की नाही हे कळत नाही, फक्त व्होकल बरोबर आहे की नाही एवढंच कळतं. लोकांसमोर वाजव, दुसऱ्या अंतऱ्यात मंडळी फोन काढायला लागली की समजायचं अंतरा लांब झालाय. आमच्या एका गाण्याची लय तिसऱ्या शोपर्यंत आपोआप वाढली, कुणी ठरवलं नव्हतं, आणि मग लक्षात आलं की रेकॉर्डिंगमध्ये ते गाणं रांगत होतं बिचारं. फुगाझी हा अमेरिकन पंक बँड बघ, 1987 ते 2003 मध्ये हजाराच्या वर शो केले, तिकीट मुद्दाम स्वस्त, साधारण पाच डॉलर, आणि कुठल्याही वयाच्या माणसाला आत सोडायचे. गाणी आधी लोकांपुढे पिकायची, मग रेकॉर्ड व्हायची.

बेसूर_पण_ठाम

पंखा बंद करायचा ना भाऊ 😄

टेपवाली

पंखा अजिबात बंद करू नकोस, सांगते का ते.

तू जे भोगतोयस ते जुनं दुखणं आहे, पहिल्या कच्च्या रेकॉर्डिंगच्या प्रेमात पडायचं. कधी कधी ती नुसती सवय असते, शंभर वेळा ऐकलेलं असतं म्हणून तेच बरोबर वाटतं. पण कधी कधी कच्चंच खरं असतं! अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' (1982) घे. घरात बसून चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेला, माइक म्हणजे शुअरचे साधे एसएम 57. ती टेप खरंतर बँडला गाणी दाखवण्यापुरती होती. मग स्टुडिओत सगळ्या बँडबरोबर करून पाहिली, जमली नाहीत, आणि शेवटी बिनडबीची खिशात घेऊन फिरलेली ती कॅसेटच अल्बम म्हणून काढली. म्हणजे एवढा स्टुडिओ, एवढा बँड हाताशी असलेल्या माणसाला पण तुझाच प्रश्न पडला होता.

त्यामुळे एक काम कर, ते फोनवालं आणि तुझा सगळ्यात बरा टेक, दोन्ही एका आवाजाच्या पातळीवर आण (हे महत्त्वाचं, जे जरा मोठं वाजतं ते कानाला उगाच चांगलं वाटतं) आणि गाणं कधीच न ऐकलेल्या चौघांना दे. कुठलं कुठलं ते सांगू नकोस.

स्टुडिओबद्दल माझं मत, पाच दिवस कशाला हवेत? खोलीचा खरा फरक पडतो तो ड्रम्सला. एक दिवस घ्या, अकराच्या अकरा गाण्यांचे ड्रम्स उरकून या, तालीम करून गेलात तर होतं. आवाज आणि गिटार घरीच. कंडेन्सर (फार संवेदनशील) माइक असेल तर तो खोलीची सगळी लक्तरं ऐकवतो, डायनॅमिकवर (स्टेजवर वापरतात तसला, कमी संवेदनशील माइक) तोंड जवळ नेऊन गा, फार जवळ गेलास की आवाज खालून फुगतो तेवढं बघ. जाड गोधडी गाणाऱ्याच्या पाठीमागे टांग, समोर नव्हे, कारण माइकचं तोंड तुझ्याकडे असतं आणि तुझ्या मागच्या भिंतीवरून परतलेलाच आवाज त्यात शिरतो. लोक भिंतीला पातळ फोम चिकटवतात, त्याने वरचे आवाज मरतात आणि खालची घूं घूं तशीच राहते, खोली उलट जास्त बिघडते. 24 बिटवर रेकॉर्ड करताना लेव्हल वरच्या टोकाला भिडवायची गरज नाही, पीक (सगळ्यात मोठे आवाज) मीटरवर −10 डेसिबलच्या आसपास राहिले तरी झकास.

रात्री ऐकायला निक ड्रेकचा 'पिंक मून' (1972). दोन रात्रींत रेकॉर्ड झालेला, आवाज आणि गिटार, फक्त एका गाण्यात थोडा पियानो, एवढंच. अर्ध्या तासाच्या आत संपतो. आणि बॉन इव्हेरचा 'फॉर एमा, फॉरेव्हर अगो', जंगलातल्या शिकारीच्या केबिनमध्ये एका हिवाळ्यात केलेला, आधी स्वतःच काढला 2007 मध्ये, लेबल नंतर आलं. त्यात आवाजावर आवाज चढवलेत ते नीट ऐक, एकटा माणूस गर्दी कशी करतो ते कळेल.

पडद्यामागचा

मी साउंडवाला आहे, वाजवत नाही, त्यामुळे अल्बमबिल्बमबद्दल बोलत नाही. पण गेलास तर एवढं कर.

तुम्ही ओपनिंग म्हणजे साउंडचेकला दहापंधरा मिनिटं मिळाली तर नशीब, नाहीतर नुसता लाइन चेक, म्हणजे प्रत्येक माइक-केबलमधून आवाज येतोय ना एवढंच बघणं. म्हणून स्टेज प्लॉट आणि इनपुट लिस्ट आधीच पाठव, एक पान, कोण कुठे उभं, किती माइक, किती डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडायचा डबा), कुणाला मॉनिटरमध्ये (स्टेजवर स्वतःला ऐकायचा स्पीकर) काय हवं. हे पाठवणारे ओपनर शंभरात पाच भेटतात आणि त्यांचा आवाज मी मनापासून लावतो, खोटं कशाला बोलू. गिटारसाठी स्वतःचा डीआय बॉक्स आण, केबलींना रंगीत टेप लाव म्हणजे रात्री एक वाजता भांडणं होत नाहीत. तारा, बॅटऱ्या, ड्रमची किल्ली, सगळं जादा. अर्धा तास दिलाय म्हणजे सत्तावीस मिनिटांत खाली उतर. जो बँड वेळ खातो त्याला परत कुणी बोलवत नाही, गाणी कितीही ग्रेट असोत.

आणि कानात प्लग घालायचे, कापसाचे बोळे नाही, संगीतवाल्यांचे मिळतात ते, सगळे आवाज सारखे कमी करणारे. 85 डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे 100 ला पंधरा मिनिटं. ड्रम्सशेजारी उभं राहिलं की 100 सहज होतात. माझ्या डाव्या कानात गेली सहा वर्षं शिट्टी वाजतेय, रात्री सगळं शांत झालं की जास्तच.

हिशेबनीस

सगळे भावनेत वाहून चाललेत म्हणून मी जरा रुक्ष बोलते.

उंटावरच्यांशी सहमत नाही. दौऱ्यावर जा पण रिकाम्या हाताने जाऊ नकोस. शो संपल्यावर माणूस जवळ येऊन म्हणतो मस्त होतं, कुठे ऐकायला मिळेल, आणि तू म्हणणार "लवकरच येतंय"? तो माणूस गेला. अकरातली चार गाणी निवड, ईपी (छोटा अल्बम) कर, जा. स्ट्रीमिंगवर पोट भरेल असं समजू नकोस, स्पॉटिफायवर 2024 पासून गाण्याला बारा महिन्यांत 1000 स्ट्रीम्स झाल्याशिवाय त्याचे पैसेच धरत नाहीत. त्यांच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी, हे दहातले आठ जण विसरतात. बँडकॅम्प ही गाणी थेट विकायची साइट डिजिटल विक्रीवर साधारण 15 टक्के घेतं, वस्तूंवर 10, वर पेमेंटची फी, तरी थेट विकणाऱ्याला तेच परवडतं.

पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे आणि तू तो लिहिलाच नाहीयेस. गाणी "मी लिहितो" म्हणालास. बासच्या आणि ड्रम्सच्या मंडळींना हे मान्य आहे का? रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, रचनेचा वेगळा, दोन्हीचे पैसे वेगवेगळ्या वाटेने येतात. प्रत्येक गाण्यासाठी एक कागद, कुणाचे किती टक्के, सगळ्यांच्या सह्या, रिलीजच्या आधी. आम्ही नाही केलं. चार वर्षांनी एका जाहिरातीला आमचं गाणं हवं होतं, जुन्या वादकाने सांगितलं की सुरुवातीचा तुकडा माझा आहे, होताही त्याचाच, आणि आम्ही भांडत बसेस्तोवर जाहिरातवाल्यांनी दुसरं गाणं घेतलं. पैसे गेले ते गेलेच, तो आता लग्नकार्यात भेटला तरी मान वळवतो.

स्टुडिओवाल्याशी पण फी आधीच ठरव, पुढच्या कमाईतला वाटा नको म्हणावं. रेकॉर्डिंग इंजिनियर स्टीव्ह अल्बिनी निर्वाणा बँडचा 'इन युटेरो' (1993) रेकॉर्ड करताना रॉयल्टी घेणार नाही म्हणाला, कामाचे एकरकमी पैसे घेतले, आणि तो अल्बम किती खपला ते सगळ्यांना माहितीये.

तिसरी_खुंटी

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. दहा दिवसांनी येतोय, सॉरी.

टेपवालींनी सांगितलं तसं चौघांना ऐकवलं. तिघांनी फोनवालं निवडलं. चौथीने टेक सदतीस निवडला आणि वर म्हणाली की यात गाणारा दमलेला वाटतोय म्हणून आवडलं. म्हणजे एक्केचाळिसावा कुणालाच नको होता, जो मी शेवटचा म्हणून ठेवला होता.

हिशेबनीस, तुमचं वाचून पोटात गोळाच आला. परवा तालमीनंतर विषय काढला. बासवाला म्हणाला मला काही नको, चहा पाज. ड्रमर थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की पाचव्या गाण्याचं ध्रुवपद तिने गुणगुणलेलं होतं, गाडीत, मी ते उचललं. मला खरंच आठवत नव्हतं. मग जुन्या फोनमधली रेकॉर्डिंग्ज काढली तर आहे, तिचाच आवाज आहे, मागे हॉर्न वाजतायत. दीड वर्ष ती हे मनात घेऊन ड्रम्स वाजवत होती. कागद केला, सह्या झाल्या, आणि मग आमची त्या महिन्यातली सगळ्यात चांगली तालीम झाली.

तर ठरलंय असं की दौऱ्याला जातोय, त्याआधी एक दिवस स्टुडिओ, चार गाण्यांचे ड्रम्स, बाकी घरी गोधडी टांगून. उरलेली सात परत आल्यावर बघू, कदाचित त्यातली दोन मरतील वाटेत. स्टेज प्लॉट पाठवला, त्या साउंडवाल्याचा उलट मेसेज आला "थँक्यू 🙏" एवढाच, पण लगेच आला.

पडद्यामागचा

लगेच आला म्हणजे काम झालं तुझं. प्लग घेतलेस का?

तिसरी_खुंटी

तिघांसाठी घेतले.

बेसूर_पण_ठाम

आणि पंखा?

तिसरी_खुंटी

ईपीत फोनवालंच जातंय. पंखा तीनवर होता, आता त्याचंही नाव श्रेयनामावलीत टाकावं म्हणतेय ड्रमर.

हिशेबनीस

टाका, पण टक्के देऊ नका.