बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजंना, कारण काय असंल?

काळीमाती, औसा
आमची घरचीच तूर, डाळ गिरणीवरून भरडून आणतो. विहिरीचं पाणी होतं तोवर दोन-तीन शिट्ट्यांत वरण घोटून व्हायचं. विहीर आटली, बोअर घेतला, अन् तवापासून डाळ दाणा दाणाच राहायलीय. वर पाणी, खाली डाळ. साबणाला फेस नाही, कुकरच्या बुडाला पांढरी खपली धरतीय. सासूबाई म्हणतात चिमूटभर खायचा सोडा टाक; मालक म्हणतात डाळच जुनी झाली. रोज सोडा घातलेला चालंल का?

बालाघाट, अंबाजोगाई
ताई, दोघांचंही खरं आहे, पण मूळ पाण्यात आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डाळीच्या पेशींत प्रथिनं आणि स्टार्च असतात. या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिनमुळं. पेक्टिन म्हणजे गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाची लांबच लांब साखळी, तिच्यावर जागोजागी ऋण भार. उकळत्या पाण्यात ती सैल होऊन विरघळते, पेशी सुट्या होतात. डाळ शिजणं म्हणतात ते हेच. कॅल्शियमवर दोन धन भार. तो एका हातानं ही साखळी धरतो, दुसऱ्या हातानं शेजारची. अशा गाठी पडल्या की पेक्टिन सुटत नाही, मग शिट्ट्या कितीही करा.

बोअरमध्ये कॅल्शियम येतं कुठून? पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं, आणि चुनखडी व आपल्या काळ्या पाषाणातला कॅल्शियम विरघळवतं. खोलातलं पाणी खडकात जास्त काळ राहिलेलं, म्हणून सहसा जास्त जड. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा हा जडपणा, म्हणजे कठीणपणा, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत.

सोड्यानं पेक्टिनच्या साखळ्या तुटतात, डाळ मऊ होते. पण ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून रोज नको. जुन्या डाळीचं म्हणाल तर डाळीत फायटिक आम्ल असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. उष्ण, दमट जागी साठवण झाली की ते मोडत जातं आणि कॅल्शियम पेक्टिनकडं मोकळा होतो.

गोदाकाठ, परभणी
माझी मेस आहे. वरणापुरतं जारचं पाणी घेते, बाकी सगळ्याला बोअरचं. चिंच, टोमॅटो डाळ शिजल्यावरच. आधी टाकलं की डाळ अडून बसते. सर, हरभऱ्याला काय करावं? तो तर भिजवूनही टणकच.

बालाघाट, अंबाजोगाई
आंबटाचं तुमचं अगदी बरोबर, आम्लात पेक्टिन लवकर विरघळत नाही. हरभरा रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा. सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतो, आणि त्याच्यावर एकच भार असल्यानं दोन साखळ्या त्याला बांधता येत नाहीत. सकाळी ते पाणी ओतून द्या.

काळीमाती, औसा
एकच डाळ दोन पातेल्यांत लावून बघितली. जारच्या पाण्यात मेणासारखी शिजली. बोअरचं पाणी उकळून, निवळून घेतलं तर थोडा फरक, पण पुरता नाही.

बालाघाट, अंबाजोगाई
उकळल्यावर बायकार्बोनेटचा भाग तेवढा खाली बसतो, कुकरची खपली तीच. सल्फेट, क्लोराइडबरोबरचा कॅल्शियम पाण्यातच राहतो. वरणाला जारचंच घ्या. आणि ताई, बोअरचं पाणी पीत असाल तर प्रयोगशाळेत तपासताना फ्लोराइड, नायट्रेटही बघायला सांगा. ते डाळीवरून कळत नाहीत, चवीलाही नाहीत.