बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलचा टनेल वाकलाय, घरीच सरळ करू का?

प्रश्न: बुंध्यावर आपटून टनेल, म्हणजे ट्रॅकच्या (फिरत्या पट्ट्याच्या) वरचा ॲल्युमिनियमचा सांगाडा, मागे उजवीकडे वाकलाय. डीलर म्हणतो, अख्खा बदला. कूलर (इंजिनचा द्रव थंड करणारा भाग) गळत नाहीये. पैसे वाचवता येतील का?

उत्तर: येतील. ट्रॅक, सस्पेन्शन काढा आणि टनेलचे दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे तो किती तिरका झालाय ते कळेल. आतून लाकडी ठोकळा लावून जॅकने हळूहळू दाबा. गॅस टॉर्च अजिबात नको, तापवलं की ॲल्युमिनियमचा कस जातो!

दुसरं उत्तर: रिव्हेटभोवती काळी भुकटी दिसतेय का? म्हणजे ते ढिले झालेत. ड्रिलने काढून स्ट्रक्चरल (जास्त भार पेलणारे) रिव्हेटच घाला.

प्रश्नकर्ता: दिसतेय. शिवाय घडीवर केसाएवढी चीर आहे.

पहिले उत्तरकर्ते: चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. वरून पट्टी रिव्हेट करा. बल्कहेड (टनेलच्या पुढचा सांगाड्याचा भाग) वाकलं असेल, तर मात्र हात लावू नका. पुढचं सस्पेन्शन त्यावरच असतं.