मदत हवी आहे: अष्टकोन-चौरसाची जाळी मुलांकडून कंपास-पट्टीने कशी काढून घ्यावी?

नमस्कार. ग्वाल्हेरला राहते, रविवारी सातवी-आठवीच्या मुलांना भूमिती शिकवते. इथे हजिऱ्यात, तानसेनच्या समाधीशेजारी, मुहम्मद गौस यांचा सोळाव्या शतकातला मकबरा आहे. त्याच्या दगडी जाळ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना माझा हट्ट कळेल. मुलांनी नक्षी नुसती पाहू नये, स्वतः काढावी.

षटकोन सोपे गेले. कंपासचं अंतर न बदलता परिघावर सहा खुणा, झालं. तीन षटकोनांचे १२० अंशांचे कोन एका बिंदूशी मिळून ३६० होतात, हे तर मुलांनीच सांगितलं.

अडलंय ते अष्टकोन आणि चौरसाच्या नक्षीपाशी. हिशोब बसतो: १३५ + १३५ + ९०. पण कोनमापकाने १३५ मोजत गेलं की दर कोपऱ्यात थोडं थोडं सरकतं आणि आठवी बाजू पहिलीला येऊन मिळत नाही. वर्तुळाचे आठ भाग करून एक अष्टकोन सुरेख येतो, पण शेजारच्या वर्तुळाचं केंद्र कुठे घ्यायचं ते मुलांना उमगत नाही. पूर्ण चार्ट पेपर भरेल अशी रीत हवी आहे. वर्गमुळांची आकडेमोड नको, ती त्यांना अजून नीट येत नाही.

शिवाय एका मुलीने विचारलंय: सुसम पंचकोन बसत नाही, १०८ च्या तीन कोनांनंतर ३६ अंशांची फट उरते, हे पटलं, पण वेडावाकडा पंचकोन बसेल का? तिला काय देऊ?

प्रतिसाद १
ताई, एकेक अष्टकोन जोडत जाऊ नका. आधी सगळ्या कागदावर चौरस आखा, समजा ८ सेंमीचे, आणि प्रत्येकाचे कर्ण काढा. कंपासचं टोक कोपऱ्यावर, पेन्सिल कर्णांच्या छेदनबिंदूवर. तेवढ्या अंतराने त्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंवर कंस मारा. चारही कोपऱ्यांवरून केलं की आठ बिंदू मिळतात. ते क्रमाने जोडले की सुसम अष्टकोन. प्रत्येक कोपऱ्यात एक काटकोन त्रिकोण उरतो आणि शेजारच्या चार चौरसांचे असे चार त्रिकोण मिळून तुमचा तिरपा चौरस आपोआप तयार होतो. चौरसांच्या बाजू सामाईक असल्यामुळे फट पडायला जागाच नाही. वेळ द्यायचा तो पहिल्या आखणीला, ती काटेकोर काटकोनात हवी.

प्रतिसाद २
त्या मुलीला घराच्या आकाराचा पंचकोन द्या: चौरस, वर त्रिकोणी छप्पर. पुठ्ठ्याचे वीसेक तुकडे कापून दिले की एक ओळ सुलट, एक उलट हे ती स्वतःच शोधेल. मग सांगा, की जागा भरून काढणारे बहिर्वक्र (एकही कोपरा आत न वळलेले) पंचकोन १५ प्रकारचे आहेत आणि त्यांतले चार मार्जोरी राईस या अमेरिकन गृहिणीने १९७० च्या दशकात शोधले. शाळेनंतर गणित शिकल्या नव्हत्या त्या.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. कर्णाची रीत आत्ताच करून पाहिली, अगदी नेमकी येते. पुढे बाराकोन, षटकोन आणि चौरस यांची नक्षी (१५० + १२० + ९०) घ्यायची आहे. तिथे पहिली आखणी समभुज त्रिकोणांची करावी का?