मदत हवी आहे: विवरात मधलं शिखर येतच नाही, किरणही नाहीत

गोटीवाला
परवा प्रात्यक्षिक आहे. चंद्रावरच्या टायकोसारखं विवर करून दाखवायचंय, मध्ये शिखर आणि भोवती किरण, म्हणजे बाहेर फेकल्या गेलेल्या मालाचे फिकट पट्टे. ट्रेमध्ये पीठ, वर कोकोचा पातळ थर, वरून गोटी सोडतोय. खड्डा पडतो, पण शिखर नाही, आणि किरणांऐवजी नुसती गोल झालर. उंची वाढवली, काही फरक नाही. कधीतरी मध्ये उंचवटा येतो, पुढच्या वेळी गायब. काय चुकतंय? सिद्धांत नको, उपाय सांगा.

नेमकं_सांगा
पीठ कुठलं? थर किती जाड? गोटी काचेची की पोलादी, व्यास किती? उंची कितीवरून किती केली? गोटी खड्ड्यातच ठेवता की काढता? एवढं तरी लिहा.

कोरडी_वाळू
आधी पीठ बाजूला ठेवा. पिठाचे कण एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे भिंत उभीच्या उभी राहते आणि कडा ढेकळं होऊन फुटते. बारीक कोरडी वाळू घ्या, कण ०.२ मिमीच्या आसपास. ती ३०-३५ अंशांच्या उतारावर घसरून थांबते, म्हणून वाटीसारखा आकार आणि उचललेली कडा दोन्ही नीट दिसतात. दर वेळी चाळणीतून ओता, ट्रे ठोकू नका. ठोकलेल्या आणि भुसभुशीत वाळूत खड्डे वेगवेगळे पडतात, मग तुलनेला अर्थ राहत नाही.

गोटीवाला
मैदा, २ सेमी थर. गोटी काचेची, १६ मिमी. आधी १ मीटरवरून, मग २ मीटरवरून. गोटी चिमट्याने काढतो. वाळूवर कोको टिकेल का?

जुनी_वही
मधलं शिखर आघाताचं नसतंच. खालून लाव्हा वर आला की ते होतं. गोटीने कसं येईल?

खडकफोड्या
@जुनी_वही, हा वाद केव्हाच निकालात निघालाय. पृथ्वीवरच्या मोठ्या आघात-विवरांत मधले थर खालून उचललेले सापडतात, साधारण विवराच्या व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतके. चंद्रावरच्या कोपर्निकस विवराच्या शिखरात ऑलिविन हे खनिज आहे, ते खोलवरून वर आलेल्या खडकाचं मानतात. लाव्हा लागत नाही.

@गोटीवाला, आता हिशोब. १ मीटरवरून गोटी सेकंदाला ४.४ मीटरने आदळते, २ मीटरवरून ६.३ ने. ऊर्जा दुप्पट झाली, पण सुट्या कणांत खड्ड्याचा व्यास ऊर्जेच्या चौथ्या मुळाने वाढतो, म्हणजे जेमतेम १९ टक्के. दुप्पट व्यासाला १६ पट उंची लागेल. त्यापेक्षा त्याच मापाची पोलादी गोळी घ्या. ती तिपटीहून थोडी जड असते, खड्डा साधारण एक तृतीयांशाने मोठा येईल.

तुमचा येणारा-जाणारा उंचवटा २ सेमी थरामुळे आहे. गोटी तळाला टेकते, उसळते, बाजूचा माल आत ढासळतो. थर किमान ८ सेमी करा, तो बंद होईल.

गोटीवाला
बंद नकोय हो, मला उंचवटाच हवाय! पातळ थरच ठेवला तर?

खडकफोड्या
तर ते टायको नव्हे. चंद्रावरही कठीण खडकावर भुसभुशीत थर असला की लहान विवरांत मध्ये ढिगारा दिसतो. व्यास थराच्या जाडीच्या चौपटीच्या आत असेल तर साधी वाटी, त्यापुढे सपाट तळ किंवा मधला ढिगारा, आठ-दहापटीच्या वर वर्तुळात वर्तुळ. यावरून थराची जाडी काढतात. टायकोचा व्यास ८५ किमी. तिथलं शिखर म्हणजे दाबला गेलेला तळ उसळून वर आलेला आहे.

तशी उसळी वाळूत येणार नाही. साध्या वाटीतून शिखरवाल्या विवराकडे जायची सीमा चंद्रावर १५-२० किमी, मंगळावर सुमारे ७, पृथ्वीवर २ ते ४. गुरुत्व जितकं जास्त तितकी सीमा खाली. त्या मापाला खडकाची ताकद गुरुत्वापुढे टिकत नाही, तो थोडा वेळ द्रवासारखा वागतो आणि मग थिजतो. शिवाय तुमच्या गोटीत किलोमागे १० ज्यूल आहेत. २० किमी/सेकंदाने येणाऱ्या दगडात २० कोटी, तेवढ्याच वजनाच्या टीएनटी स्फोटकाच्या जवळजवळ पन्नासपट. त्यात दगडाचाच बराचसा भाग वितळतो, वाफ होतो. तुमची गोटी अख्खी राहते, चिमट्याने काढावी लागते, यातच सगळं आलं.

लोणारकर
म्हणूनच लोणारला शिखर नाही. सुमारे १.८ किमी व्यास आणि कठीण बेसाल्ट, सीमेच्या खालीच.

तिरपी_सावली
फोटो काढणार असाल तर प्रकाश फोटोच्या वरच्या बाजूने येऊ द्या. खालून आला तर खड्डे टेकड्यांसारखे दिसतात.

अमावास्या
सगळे खड्डे आघाताचे नसतात, हेही सांगा. चंद्रावरचा मारियस हिल्सचा खड्डा जपानच्या कागुया यानाच्या चित्रांत २००९ मध्ये सापडला, तो लाव्हाच्या बोगद्याचं छत कोसळून झालेला. ओळखायची खूण म्हणजे उचललेली कडा नाही, भोवती फेकलेला माल नाही.

नेमकं_सांगा
कोणी विचारलं होतं?
@गोटीवाला, दर वेळी पृष्ठभाग पट्टीने सपाट करता का?

गोटीवाला
अर्थात! आरशासारखा.

नेमकं_सांगा
तिथेच घोडं अडलंय. सपाट पृष्ठभागावरून माल चहूबाजूंना सारखा उडतो, म्हणून झालर. किरणांना उंचसखलपणा लागतो. आघाताच्या लाटेने खाचांच्या उतारांवरचे कण एकमेकांकडे ढकलले जातात आणि त्यांच्या धारा होतात. काट्याने ५-६ मिमी खोल समांतर सळा ओढा आणि वर कोको हलकेच चाळा. कोको वाळूवरही टिकतो, फक्त २ मिमीच्या वर नको, जाड झाला की खालचा पांढरा माल फुटून वर येत नाही. खाली पांढरी वाळू हवी, नाहीतर उठून दिसणार नाही.

कोरडी_वाळू
किरणांपुरता मैदाही चालेल, पण कडा बघायची तर वाळूच.

खडकफोड्या
शिखरासाठी वेगळं दाखवा. खोलगट भांड्यात ५-६ सेमी पाणी, ड्रॉपरने अर्ध्या मीटरवरून थेंब, मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींनी चित्रण. आधी वाटी, मग मधून वर येणारा खांब. पाण्यात तो परत पडतो, खडकात थिजतो, एवढं तोंडी सांगा.

गोटीवाला
किरण आले!! पण फार दाट आहेत, आणि टायकोचे एका बाजूला नाहीत. गोटी तिरकी मारू?

नेमकं_सांगा
विरळ हवे असतील तर गोळी लहान घ्या किंवा सळांमधलं अंतर वाढवा.

खडकफोड्या
तिरकी नको. टायकोच्या पश्चिमेला किरण नाहीत ते तिरक्या आघातामुळेच. पण खऱ्या वेगाला विवर स्फोटासारखं उघडतं, म्हणून जमिनीशी १५ अंशांपर्यंत खाली आलं तरी ते गोलच राहतं. सेकंदाला ४ मीटरच्या वेगाला ४५ अंशांतच लांबट चर पडेल. सरळच सोडा.