साक्षीदाराची ओळख, झाडाची ओळख : एकच शब्द चालेल का?

शाहूपुरीकर
कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात आंतरशाखीय व्याख्यानं झाली. वनस्पतीशास्त्र, कायदा, न्यायवैद्यक, मानसशास्त्र असे विभाग आणि विषय सगळ्यांचा एकच, आयडेंटिफिकेशन. त्याची पुस्तिका निघतेय, मराठी करण्याचं काम माझ्याकडे आहे. संपादक म्हणतात, पुस्तिकाभर एकच पारिभाषिक शब्द ठेवा. मी ‘ओळख’ धरून चालले होते ती या वाक्यापाशी अडले : ‘साक्षीदाराची ओळख संशयास्पद ठरली.’ म्हणजे साक्षीदाराने आरोपीला ओळखलं ते संशयास्पद, की साक्षीदार स्वतः कोण हेच संशयास्पद, की दोघांची आधीपासून ओळख होती? लेखकाला पहिला अर्थ हवाय. पुढचा लेख ‘वनस्पतींची ओळख’, आणि ते शीर्षक पाचवीच्या धड्यासारखं वाटतं. काय करावं?

रानवाट
ताई, आमच्या विषयात ‘निश्चिती’ म्हणा, जातीची निश्चिती. ओळखायला आधी गाठ पडलेली असावी लागते. मसाई पठारावरून विद्यार्थी जे घेऊन येतात ते मी पूर्वी पाहिलेलं असेलच असं नाही. मग भिंग घ्यायचं, किल्ली (लक्षणांच्या प्रश्नांची छापील यादी) उघडायची आणि दोन पर्यायांतला एक-एक निवडत पुढं जायचं : पानं समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या सुट्या की जुळलेल्या. कंदीलपुष्पाचा नुसता वेल हाती आला, फूल नसलं, तर प्रजाती (जीनस) लिहून जातीची (स्पीशीज) जागा मोकळी सोडावी लागते.
आणखी एक. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, शीटवर आधीचं नाव चुकलंय असं पुढच्या तज्ज्ञाला वाटलं तरी तो जुनी चिठ्ठी काढत नाही. शेजारी आपली चिकटवतो, तिच्यावर नवं नाव, स्वतःचं नाव आणि साल. एकेका शीटवर अशा तीन-तीन चिठ्ठ्या असतात. हे सगळं ‘ओळख’ या शब्दात मावत नाही.

बोलीवाला
चिठ्ठ्या बदलत असतील तर ती निश्चिती कसली, सर? 🙂 फोटो टाकून सगळे ‘आयडी सांगा’ म्हणतात, तुमच्या रानफुलांच्या ग्रुपवरसुद्धा. ‘आयडी’ लिहा आणि मोकळे व्हा.

रानवाट
ग्रुपवर चालतं, पुस्तिकेत नाही. ‘आयडी’ म्हटलं की निम्म्या वाचकांना गळ्यातलं कार्ड दिसतं.

बकलनंबर (निवृत्त, पोलीस खातं)
शाहूपुरीकर ताई, तुमचा घोटाळा ‘ओळख’मुळं नाही, क्रियापद गाळल्यामुळं झालाय. आम्ही कधी नुसतं ‘ओळख’ लिहीत नाही. साक्षीदार ओळखतो, ओळख पटते, ओळख पटवली जाते. तिन्ही वेगळं आहे. ओळख परेड बघा. कळंबा जेलात परेड असली की कार्यकारी दंडाधिकारी येतात, बहुतेक वेळा नायब तहसीलदार. आरोपी एक असेल तर त्याच्याच अंगलटीचे, वयाचे किमान सहा डमी रांगेत. आरोपीला हवी ती जागा घेऊ द्यायची, हवं तर कपडे बदलू द्यायचे. तपास करणारा पोलीस तिथं थांबत नाही. साक्षीदार येतो, हात लावून दाखवतो. ते झालं ‘ओळखणं’. पण तेवढ्यानं गुन्ह्यात ओळख पटली असं होत नाही. परेड हा पूरक पुरावा, खरा पुरावा साक्षीदारानं कोर्टात उभं राहून ओळखलं तो. म्हणून तुमचं वाक्य असं करा : ‘साक्षीदाराने आरोपीला ओळखणे संशयास्पद ठरले.’ एक शब्द वाढला तर वाढू दे.
जुने फौजदार ‘शिनाख्त’ म्हणायचे. माझ्या मते आजही तोच शब्द नेमका आहे, कारण त्याचा ‘परिचय’ असा अर्थ आपल्याकडं कुणी घेत नाही.

मराठीअभिमान
फारसीची उसनवारी कशाला? ‘अभिनिर्धारण’ घ्या. अभिनिर्धारक, अभिनिर्धारित, अभिनिर्धारणीय, सगळी साधित रूपं मिळतात. शास्त्राच्या शब्दाला हे लागतंच. ‘ओळख पटवणे’पासून विशेषण करून दाखवा.

बकलनंबर
‘ओळख पटलेला’. आणि नाही पटली तर ‘अनोळखी’. नदीत सापडलेल्या प्रेताच्या पंचनाम्यात मी ‘अनभिनिर्धारित पुरुष जातीचे प्रेत’ लिहिलं असतं तर पंचांनी सही केली असती का? मराठीचा अभिमान मलाही आहे, साहेब.

गडहिंग्लजचा_पाव्हणा
आमच्याकडं ‘वळख’ म्हनत्यात. माझं म्हननं, हा शब्द ‘वळ’वरनं आलाय. वळ म्हंजे अंगावर उठलेली खूण. पूर्वी जनावराला डाग देत, त्या वळावरनं जनावर कुणाचं ते कळायचं. वळावरनं वळख. आता कानात पिवळा बिल्ला ठोकत्यात, बारा आकडी नंबराचा, पण काम तेच.

कोशवाचक
कल्पना सुरेख आहे, पण ‘व’ हा फक्त आपल्या भागातला उच्चार. ओढ्याचा वढा होतो, ओझ्याचं वझं, तशी ओळखीची वळख. मूळ संस्कृत ‘उपलक्ष्’, प्राकृतातून ‘ओळख’. गुजरातीत ‘ओळखवुं’ आहे. तिकडं काही कोल्हापूरचा वळ पोचलेला नाही.

गडहिंग्लजचा_पाव्हणा
उपलक्ष म्हंजे तरी काय? खुणेवरनं ध्यानात घेनं. मग खूण आलीच की!

गुजरीतला
आमच्या धंद्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सोनं आम्ही ‘ओळखत’ नाही, पारखतो. कसोटीच्या दगडावर ओढ मारायची, आम्ल लावायचं, रेघ किती टिकते ते बघायचं. त्यातून धातू कोणता आणि किती कसाचा ते कळतं, दागिना कुठला ते कळत नाही. ते सांगतो हॉलमार्कचा एचयूआयडी, सहा अक्षर-अंकांचा, प्रत्येक नगाला वेगळा. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. न्यायवैद्यकातही असंच असावं ना?

शाहूपुरीकर
अगदी असंच आहे. त्या लेखात दोन पायऱ्या सांगितल्यात. डाग रक्ताचा आहे, रक्त माणसाचं आहे, ही एक पायरी. ते याच माणसाचं आहे ही दुसरी. इंग्रजीत सैलपणे दोन्हींना एकच शब्द वापरतात, लेखकाची मुख्य तक्रार तीच आहे. एकच शब्द लादला तर लेखाचा मुद्दाच बुडेल. पहिल्या पायरीला ‘पारख’ वाचकाला पटेल?

कोशवाचक
‘पारख’मध्ये गुणाची जोख येते. रक्ताला बरं-वाईट नसतं. ‘वर्गनिश्चिती’ आणि ‘व्यक्तिनिश्चिती’ करा.

रंगपट
मानसशास्त्राला सगळे विसरलात. तिथं हा शब्द उलट्या दिशेनं जातो. फ्रॉइडच्या मांडणीत मुलगा वडिलांना ‘ओळखत’ नाही, मनानं वडील होऊ बघतो. ते ‘तादात्म्य’. नाटकात रोज हेच चालतं. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ मांडली ती याच प्रश्नावर : रसिक पात्राशी एकरूप होतो, तरी आपण प्रेक्षक आहोत हे भान सोडत नाही. आम्हा नटांना हे फार जवळचं आहे. खलनायक करताना तादात्म्य पूर्ण झालं तर पुढची हालचाल चुकते. याला ‘अभिनिर्धारण’ म्हणून बघा, वाक्य उभं राहणार नाही.

मराठीअभिमान
तादात्म्य वेगळं ठेवा, हरकत नाही. बाकी तिन्ही शाखांना माझा शब्द चालतो. रुळला नाही म्हणून कठीण वाटतो. ‘महापौर’ही एकेकाळी नवाच होता.

दस्तलेखक_करवीर
मी रोज दुय्यम निबंधक कार्यालयात बसतो. नोंदणी झालेल्या कुठल्याही दस्ताचं शेवटचं पान काढा. तिथं छापलेलं असतं की खालील इसम दस्तऐवज करून देणाऱ्यांना ‘व्यक्तीशः ओळखतात, व त्यांची ओळख पटवितात’. दोन क्रियापदं शेजारी-शेजारी. पहिलं त्या इसमाच्या डोक्यातलं, दुसरं सरकारसमोर केलेलं. बकलनंबर काकांचं म्हणणं त्या एका ओळीत आहे.

रानवाट
वा! मग आमच्या चिठ्ठीलाही ‘ओळख पटवली’ म्हणता येईल. पण सही करणाऱ्यानं ते झाड आधी कधी पाहिलेलंच नसतं, तिथं गाडी अडते.

कोशवाचक
‘व्यक्तिशः’. ति ऱ्हस्व. सरकारी छापील मजकुरात तरी नीट हवं.

दस्तलेखक_करवीर
छापलंय तसंच दिलं. अवतरणात मी दुरुस्ती करत नसतो.

मराठीअभिमान
आणि ‘पटवितात’ की ‘पटवतात’?

बकलनंबर
दोन्ही चालतं. पंचनाम्यात आम्ही ‘पटविली’च लिहायचो.

शाहूपुरीकर
मंडळी, सोमवारी पुस्तिका छापखान्यात जाते. वनस्पतींना ‘निश्चिती’, कायद्याला ‘ओळखणे’ आणि ‘ओळख पटवणे’, मानसशास्त्राला ‘तादात्म्य’ असं घेऊन संपादकांशी भांडते. पण मुखपृष्ठावर काय?

गडहिंग्लजचा_पाव्हणा
‘खूण’ घाला ताई. आनि कोशवाचक, वळाचं अजून मिटल्यालं न्हाई. तुमच्या कोशात ‘वळ’ कशावरनं आलाय म्हनत्यात, तेवढं बगून सांगा.