सरोवराकाठचं घरगुती लॉज, जायला फक्त बोट: बाबांना आणि मुलाला घेऊन जाऊ का?

टिटवी

नमस्कार. पुढच्या महिन्यात चार रात्रींसाठी एका सरोवराकाठच्या लॉजवर जायचं मनात आहे. सहाच खोल्या, सगळं एकच कुटुंब बघतं: आजी-आजोबा, मुलगा-सून आणि एक शाळकरी नात. तिथवर रस्ता नाही. गाडी अलीकडच्या धक्क्यापाशी सोडायची आणि पुढे ४० मिनिटं बोटीने. मोबाइलला रेंज नाही. वीज जनरेटरची, तीही रात्री नऊपर्यंत.

सोबत बाबा (वय ७१, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, गुडघा धरतो) आणि माझा ९ वर्षांचा मुलगा. आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडलेलेच नाहीत. लॉजचा फोटो दाखवला तर चष्मा पुसून दोनदा बघितला आणि म्हणाले, "इथे गळ टाकून बसता येईल का गं?" तेव्हापासून मला तिथेच जायचं आहे. नवऱ्याचं म्हणणं, काही झालं तर माणसाला पाण्यावरून आणायचं कसं? राहून आलेल्यांनी खरं काय ते सांगा. आणि परक्या घरात चार दिवस अवघडायला होतं का, तेही.

खंड्या

जा. पण परतीच्या तारखेनंतर एक दिवस मोकळा ठेवा. हे आधी करा, बॅगा नंतर भरा.

गेल्या वर्षी आईला घेऊन मी अशाच ठिकाणी नऊ रात्री राहिले. निघायच्या दिवशी सकाळी साडेसहाला बॅगा धक्क्यावर, आभाळ निरभ्र, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि यजमान आजोबा म्हणाले, "आज नाही." दुपारी आमचं विमान होतं. मी भांडले. आवाज चढवून, पैसे मोजलेत वगैरे सगळं बोलून भांडले. ते उलटून एक शब्द बोलले नाहीत. मला धक्क्याच्या टोकाला नेलं आणि हात लांब केला. पलीकडच्या काठाच्या अलीकडे पाण्यावर एक काळपट पट्टी होती. मी आठ दिवस त्या पाण्याकडे बघत होते, तरी मला ती दिसली नसती. "वारा आहे तो," म्हणाले. "आत्ता निघालो तर आपल्याला मधोमध गाठेल."

पाऊण तासात धक्क्याला बांधलेली बोट टायरांवर आदळायला लागली. आठ वाजता लाटांच्या माथ्यावर फेस होता आणि फळ्यांच्या फटींतून पाणी वर उडत होतं. आई खिडकीशी बसून ते बघत होती, मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. नंतर कळलं ते असं: उघड्या पाण्यावर वाऱ्याला जितकं लांब धावायला मिळतं तितकी लाट मोठी होते. म्हणून मोठ्या सरोवराच्या एका काठाला शांतता आणि दुसऱ्या काठाला दाणादाण, हे एकाच वेळी असू शकतं. संध्याकाळी मी आजोबांची माफी मागितली. त्यांनी नुसती मान हलवली आणि दोर सुकत घातले.

तेव्हा बोट सकाळचीच मागा. दिवस चढला की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि वारा सरोवरावरून काठाकडे वाहू लागतो, त्यामुळे बहुतेक मोठ्या सरोवरांवर दुपार ही पहाटेपेक्षा खवळलेली असते. आणि माणूस "नाही" म्हणाला तर ऐका. त्या "नाही"साठीच अशा घरी जायचं असतं, असं माझं मत झालं आहे.

मुलाबद्दल. वरचं हातभर पाणी उन्हाने कोमट असतं, त्यावर जाऊ नका. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे थंड प्रदेशातल्या खोल सरोवरांच्या तळाशी भर उन्हाळ्यातही तेवढंच गार पाणी बसलेलं असतं. १५ अंशांखालच्या पाण्यात माणूस अचानक पडला की पहिली धाप आपोआप आत ओढली जाते, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. पट्टीच्या पोहणाऱ्याचंही हेच होतं. अतिथंड पाण्यासाठी जाणकार १-१०-१ सांगतात: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचा, मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि शुद्ध जायला साधारण १ तास लागतो. त्या तासाचा उपयोग अंगात लाइफ जॅकेट असलं तरच. मुलाचं जॅकेट त्याच्या वजनाच्या मापाचं घरूनच न्या. घालून, बांधून, खांद्यापाशी धरून वर उचला. हनुवटीच्या वर सरकलं तर ते त्याचं नाही. धक्क्यावर खेळतानाही घालायला लावा.

अवघडलेपणाचं सांगायचं तर पहिली संध्याकाळ जड गेली. जेवायला एकच लांब टेबल, घरचेही तिथेच. आईने चार शब्दांवर पाचवा काढला नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांची नात एक पसरट तबकडी घेऊन होडीत बसायला निघाली. ताटलीएवढी, एक आड एक काळे-पांढरे चतकोर रंगवलेली. आईने विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, चला, दाखवते.

दोराला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी. तबकडी हळूहळू सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. मग वर ओढायची, पुन्हा दिसली की परत मोजायच्या. दोन्हींची सरासरी वहीत. अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये समुद्राचं पाणी किती नितळ आहे ते अशा पांढऱ्या तबकडीने मोजलं होतं. काळे-पांढरे चतकोर पुढे तळ्यांसाठी आले. त्या घरात ही वही मुलीच्या वडिलांनी शाळेत असताना सुरू केलेली. आई दोर धरून बसली, पोरगी गाठी मोजत होती, "साडेपाच... नाही नाही, अजून दिसतेय." दुसऱ्या रविवारी आईनेच तिला हाक मारली. वहीत त्या तारखेपुढे दोघींची आद्याक्षरं आहेत.

कंदील

मी अशाच घरात वाढलोय, म्हणून यजमानांच्या बाजूने दोन गोष्टी. जनरेटरचं तेल, गॅसची टाकी, धुतलेल्या चादरी सगळं त्याच बोटीने येतं आणि कचराही त्याच बोटीने परत जातो. पाहुणा आपलं प्लॅस्टिक आपल्या बॅगेतून परत नेतो तेव्हा माझी आई त्याला कायमचं लक्षात ठेवते. संडासात ओले वाइप्स टाकू नका, सेप्टिक टँक तुंबला तर उपसायला गाडी येऊ शकत नाही. साबण सरोवरात नको, "नैसर्गिक" लिहिलेलाही नको. अंघोळ-धुणं काठापासून निदान ६० मीटर आत.

टिटवीताई, तुमच्या बाबांनी गळ आणला तर त्याचं वजन शिशाचं नसू दे. तुटून तळाशी पडलेले शिशाचे मणी पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि मरतात. ब्रिटनने राजहंसांसाठी १९८७ मध्येच त्यावर बंदी आणली. कथलाची किंवा टंगस्टनची वजनं मिळतात.

आणि रात्री धक्क्यावर हळू बोला. संध्याकाळनंतर पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वाकून पार पलीकडे पोचतो. लहानपणी मी समोरच्या काठावरच्या नवरा-बायकोची अख्खी भांडणं ऐकलीत.

शुश्रूषा

परिचारिका आहे. गोळ्या ठरल्या दिवसांच्या दुप्पट घ्या आणि दोन वेगळ्या बॅगांत ठेवा, एक बॅग पाण्यात गेली तरी चालेल अशा. औषधांची यादी कागदावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. बुकिंगआधी यजमानांना थेट विचारा: रात्री माणूस आजारी पडला तर तुम्ही नेमकं काय करता? वायरलेस किंवा सॅटेलाइट फोन आहे का, रुग्णवाहिका कुठल्या धक्क्यावर येते, मागच्या वेळी किती वेळ लागला होता. ज्यांनी विचार केलेला असतो ते थांबत नाहीत, लगेच सांगतात.

पिण्याचं पाणी सरोवराचं असेल तर खळखळून १ मिनिट उकळलेलं हवं, २,००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं. पण पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय आलेली दिसली तर उकळूनही पिऊ नका. त्या शेवाळाचं विष उकळून जात नाही. त्यात पोहूही नका.

टिटवी

सगळ्यांचे मनापासून आभार. खंड्याताई, तुमचं लिहिणं बाबांना वाचून दाखवलं. तबकडीपाशी त्यांनी मला थांबवलं आणि तेवढंच परत वाचायला लावलं.

काल लॉजवर फोन लागला. त्यांच्याकडे सॅटेलाइट फोन आहे. मागच्या उन्हाळ्यात एका पाहुण्याला पलीकडे नेऊन रुग्णवाहिकेत बसवेपर्यंत सव्वा तास लागला होता, हे सूनबाईंनी मी पुढचं विचारायच्या आत सांगितलं. बाबांच्या डॉक्टरांनाही विचारलं, त्यांनी होकार दिला. नवऱ्याने हे सगळं शेजारी बसून ऐकलं आणि परतीनंतरच्या त्या मोकळ्या दिवसाची रजा तोच टाकतो म्हणाला.

फोन ठेवता ठेवता त्यांच्या आजोबांनी मागून काहीतरी विचारलं. सूनबाई म्हणाल्या, "ते विचारतायत, बाबांचा कुठला गुडघा दुखतो? डावा की उजवा? त्याप्रमाणे बोट धक्क्याला कुठल्या बाजूने लावायची ते ठरवतील."

उजवा, म्हणून सांगितलं.