कात्रजच्या झूला जुनी बारदानं, टायर देता येतात का?

वारज्याची_मी
सोसायटीची स्टोअररूम आवरायला काढलीय. त्यात वीसेक बारदानं निघाली (एक काका दरवर्षी गावाहून तांदूळ आणायचे त्याची), शिवाय कारचे पाच टायर, निळा जाड दोर आणि पोरांचे फुटबॉल. चेअरमन म्हणतात भंगारवाल्याला देऊन टाका, पण माझ्या मुलीने कुठल्यातरी व्हिडिओत अस्वल टायरशी खेळताना बघितलंय आणि आता घरात एकच पालुपद, कात्रजच्या अस्वलाला देऊया. असं देता येतं का? गेटवर घेतात की कोणाला भेटायचं?

झाडपाला
ताई, गेटवर ठेवून येऊ नका. आधी ऑफिसला साधं पत्र द्या, काय आहे, किती आहे, फोटो जोडा, मग तिथले डॉक्टर काय चालेल ते ठरवतील. मी दुसऱ्या एका शहरातल्या झूमध्ये दोन वर्षं व्हॉलंटिअर होतो, तिथे दिवाळीच्या साफसफाईत घरात नको असलेलं सगळं आमच्याकडे यायचं. एकदा तर टेडी बेअरची भरलेली बॅग, डोळे बटणाचे आणि आत स्पंज. माकडाच्या हातात पडलं असतं तर निम्मं पोटात गेलं असतं.

बारदानं मात्र सोनं आहे. आम्ही त्यात वाळका पाला भरायचो, मधे मूठभर शेंगदाणे, आणि तोंड न बांधता नुसतं दुमडून टाकायचो, अस्वल पाऊण तास तेच उचकत बसायचं. आपल्याकडच्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून खातं, आणि तो सुर्रर्र आवाज एकदा ऐकलात ना की विसरणार नाही. म्हणून ओंडक्याला भोकं पाडून आत मध लावला की स्वारी खूश. तेच खाणं ताटलीत दिलं की दोन मिनिटांत फस्त आणि मग दिवसभर कडेकडेने त्याच वाटेवर येरझाऱ्या. लोक म्हणतात बघ कसं मस्त डुलतंय, अहो कंटाळलंय ते.

टायरवाला_हडपसर
टायरचं मी सांगतो, धंदाच आहे आपला. हल्लीचे कारचे टायर रेडियल, रबराच्या आत तारेचा पट्टा असतो, झिजला की तारा सुईसारख्या बाहेर येतात. कडेला तर सगळ्याच टायरला तार असते. परदेशातल्या व्हिडिओत देतात ते बघून-निवडून देतात, आपले स्टोअररूममधले गुळगुळीत झालेले नको. आणि तो निळा दोर नायलॉनचा असणार, धागे सुटतात, पोटात गेले तर आतड्यात गुंता होतो. आमच्या म्हशीचं झालं होतं तसं, ऑपरेशन करायला लागलं.

अर्धवट_पुणेकर
मग आमच्या आजोबांचं हिना अत्तर पाठवू का वाघाला 😄

झाडपाला
हसताय, पण वासाचं खरंच चालतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये २००३ मध्ये चित्त्यांसमोर वेगवेगळी परफ्यूम ठेवून बघितली, त्यात कॅल्विन क्लाइनचं ऑब्सेशन फॉर मेन त्यांना सगळ्यात आवडलं, अंग घासत बसायचे त्यावर. २०१८ मध्ये यवतमाळात अवनी वाघिणीला पकडायला आपल्या वनखात्यानेही तेच आणलं होतं. पण ती काही जिवंत पकडता आली नाही, शेवटी गोळी घातली तिला. आजोबांचं अत्तर ठेवा घरीच, वेलची-दालचिनीवर पण भागतं.

भायखळा_लोकल
टायरपेक्षा झाडांच्या फांद्या विचारा. पावसाळ्याआधी सोसायट्या परवानगी काढून छाटणी करतात आणि ट्रकला पैसे देऊन तो पाला फेकायला लावतात. उंबर, पिंपळ, वड असेल तर माकडं, हत्ती आवडीने खातात. फक्त त्यावर औषध मारलेलं नको, आणि तेही आधी विचारूनच. आणि कृपा करून मुलीला बरोबर नेलंत तर तिच्या हातून बिस्किट वगैरे टाकू देऊ नका, वन्यजीव कायद्यात ‘३८-जे’ (38J) नावाचं कलम आहे, झूतल्या प्राण्यांना खायला घालणं, चिडवणं दोन्ही गुन्हा.

हो, बारदानं कशाची ते नीट बघा. खताची, सिमेंटची नकोत. गोठ्यातली तर अजिबातच नकोत, गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग हरणांना पण होतो.

वारज्याची_मी
बापरे, बरं झालं विचारलं. आत्ता खाली जाऊन बारदानं उलटसुलट करून बघितली, वीसपैकी सहांवर युरिया छापलंय, तांदळाच्या नावाखाली काय काय ठेवलं होतं देव जाणे. राहिली चौदा, ती गच्चीत उन्हात टाकलीयेत. टायर भंगारात, फुटबॉल वॉचमनच्या मुलाने आधीच नेले. पत्र लिहून ठेवलंय, बुधवारी झू बंद म्हणून गुरुवारी जाऊन येते. मुलगी विचारतेय, अस्वल बारदान फाडेल तेव्हा आपल्याला बोलावतील का?

टायरवाला_हडपसर
बोलावलं तर आम्हालाही सांगा 🙏